अठरा पूर्ण व्हायच्या आधी: कोल्हापुरातल्या एका ‘बारक्या’चं प्रकरण

बातमी सहा ओळींची होती. पूर्ववैमनस्यातून तरुणावर एडक्याने (कोयत्यासारख्या हत्याराने) वार, पाच जण ताब्यात, त्यांत तीन अल्पवयीन. कोल्हापुरात रोज पेपर वाचणाऱ्याला हा मजकूर तोंडपाठ असतो. गल्लीचं आणि पोलीस ठाण्याचं नाव तेवढं बदलतं. त्या तिघांतला सगळ्यात लहान मुलगा सतरा वर्षं तीन महिन्यांचा होता. हे प्रकरण त्याचं.

बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलाची ओळख उघड करायला बंदी घालतं, म्हणून नाव, वसाहत, शाळा यातलं काहीच इथे नाही. शिवाय हे एकाच घराचं जसंच्या तसं वर्णनही नाही. एकाच वळणाने गेलेल्या काही मुलांचे तपशील जोडून ते मांडलं आहे. त्याला बारक्या म्हणू. टोळक्यातल्या सगळ्यात लहान पोराला तेच म्हणतात.

घर

शहराच्या पूर्व अंगाला एका वसाहतीत दोन खोल्या, वर पत्रा. वडील शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. उद्यमनगरातलं बरंचसं काम हळूहळू शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीकडे सरकलं. त्यांच्या मालकाने शेड हलवली, संगणकावर चालणारी सीएनसी मशीन घेतली, आणि हातलेथवरचा माणूस मागे राहिला. आता ते दुसऱ्याची रिक्षा अर्ध्या पाळीला चालवतात. आई ताराबाई पार्कात चार घरी धुणंभांडी करते आणि संध्याकाळी एका घरी चपात्या. मोठी बहीण घटनेच्या वेळी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती.

या घरात आधी कुणावर गुन्हा नव्हता. आईवडील एकत्र राहतात. वडील पितात, पण पैसे दारूत गेले म्हणून घर उपाशी राहिलं असं कधी झालेलं नाही. अशा मुलाच्या घराबद्दल आम्ही लिहितो त्या सामाजिक तपासणी अहवालात ‘विस्कळीत कुटुंब’ हा शेरा इतक्या सहज पडतो की पुढचं कुणी वाचतच नाही. या घराला तो लावता येत नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी काढली तरी दरवर्षी हेच दिसतं की पकडलेल्या अल्पवयीनांतली बहुसंख्य मुलं आईवडिलांजवळच राहत असतात. त्याच आकडेवारीत २०२२ साली देशभरात पकडलेल्या मुलांपैकी ७८.६ टक्के मुलं सोळा ते अठरा या वयाची होती. मला या प्रकरणात घरापेक्षा ही दोन वर्षं जास्त महत्त्वाची वाटली.

बहिणीचा मुद्दाही टाळून चालणार नाही. तोच पत्रा, तोच रिक्षाचा तुटपुंजा गल्ला, तीच वसाहत. गरिबीने गुन्हेगार होतो म्हणावं तर ही का झाली नाही? आईचं उत्तर सरळ होतं, “तिला आम्ही भाईर सोडतोय कुटं, मॅडम?” मुलीला संध्याकाळी सातनंतर चौकात उभं राहायची मुभा नव्हती. मुलाला होती, आणि दोन खोल्यांच्या घरात जागा करून द्यायची म्हणून त्यानं बाहेर असणं सगळ्यांच्या सोयीचंही होतं. बहीण अभ्यासाला बसली की तो चौकात जायचा. चौकात त्याला जागा होती.

शाळा सुटली ती अशी

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो सहावीत होता. घरात एक स्मार्टफोन. बहीण अकरावीला गेलेली, त्यामुळे फोनवर पहिला हक्क तिचा. त्याच्या वाट्याला तो रात्री नऊनंतर यायचा आणि तेव्हा वर्ग नसायचा, गेम असायचा. सातवी अशीच गेली, आठवी अर्धीमुर्धी गेली. त्या वर्षांत नापास कुणी होत नव्हतं. नववीत पहिल्यांदा कुणीतरी त्याला अपूर्णांकाचं गणित घातलं आणि ते त्याला येईना. मार्च २०२४ च्या दहावीत गणित आणि इंग्रजी असे दोन विषय राहिले.

महाराष्ट्रात दोन विषय राहिलेल्या मुलाला एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीत प्रवेश घेता येतो. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापास मुलंही चालतात. यातली एकही गोष्ट त्याच्या घरात ठाऊक नव्हती. शाळेने सांगितलं नसेल असं मी म्हणत नाही. पण नापास झालेला मुलगा गुणपत्रिका आणायला शाळेत जात नाही आणि सांगणारे सर घरी येत नाहीत. त्याची गुणपत्रिका पुढच्या वर्षी प्रकरण बाल न्याय मंडळापुढे आल्यावरच शाळेतून आणली गेली.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याचा इथे सगळ्यांना अभिमान आहे, आणि तो असावाच. शिक्षण हक्काचा २००९ चा केंद्रीय कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंत हात धरतो. बारक्याचा हात सुटला तो त्यानंतर, आणि अठरा पूर्ण व्हायला तेव्हा जवळपास दीड वर्ष होतं.

दीड वर्षात करायचं काय

मामाच्या ओळखीने तो एका फाउंड्रीच्या फेटलिंग शॉपमध्ये लागला. फेटलिंग म्हणजे ओतून आलेल्या कास्टिंगची कड ग्राइंडरने काढून ते साफ करायचं काम. धूळ, ठिणग्या, आवाज. रोजचे चारशे, हजेरीपटावर नाव नाही, ईएसआयचा कामगार विमा नाही. तीन महिने तो नियमित गेला. ग्राइंडरचं चाक निसटून बोटाला लागलं तेव्हा मालकाने टाके घालून दिले, हातात दोन हजार ठेवले आणि अठरा झाल्यावर ये म्हणून सांगितलं.

मालकावर रागावणं सोपं आहे. पण २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही, आणि फाउंड्री तेव्हाच्या कारखाने कायद्याच्या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत होती. अपघातानंतर मालकाने त्याला कामावरून घरी पाठवलं ते स्वतःच्या भीतीपोटी, तरी कायद्याला धरूनच होतं. त्याआधीचे तीन महिने मात्र धरून नव्हते, आणि त्याबद्दल त्याला कुणी विचारलंही नाही.

मग बाकीचं काय खुलं होतं? पार्सल पोचवायचं काम करावं तर लायसन्स लागतं, लायसन्सला अठरा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये गाजत होती. तिला वय अठरा आणि किमान बारावी पास. अग्निवीर जनरल ड्युटीला साडेसतरा वय चालतं, पण दहावी पास असावं लागतं. आई म्हणाली, “मालक म्हनला अठरा झाल्यावर पाटवा. तवर त्यानं करायचं काय ओ? मी कामाला जातो, ह्याचा बा रिक्षावर. घरात बसून भिताडं बगायची व्हय?” (कोल्हापुरातल्या बायका ‘मी जातो’ म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.)

तो काही महिने मंडप घालायला गेला, गणपतीत साउंडच्या गाडीवर राबला. हंगाम संपला की काम संपायचं. वय न विचारणारा एकच माणूस त्या भागात होता.

दादा

तो तिशीतला. वाहनकर्जाच्या गाड्या ओढून आणायचं काम, त्याच्या आडून खासगी सावकारी, थोडं प्लॉटिंग. चौकातल्या मंडळाच्या डिजिटल फलकावर वर्षातून तीन-चार वेळा फोटो. पोरं त्याला दादा म्हणतात. त्याच्याबद्दल वसाहतीत वाईट बोलणारे फार नाहीत, कारण रात्री दोनला सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, न्यायला गाडी लागली तर ती त्याचीच येते.

बारक्याला पहिलं काम मिळालं ते मागे उभं राहायचं. वसुलीला दादाची दोन मोठी पोरं जायची. बोलायचं त्यांनी, मागे चार-पाच जणांनी गाड्यांवर नुसतं बसून राहायचं. तीनशे रुपये आणि रात्री बिर्याणी. मारामारी नाही, दमदाटीही त्याने करायची नाही.

त्याच्या फोनमधल्या यूपीआयच्या नोंदींवरून हिशोब लावता आला. सहा महिन्यांत दादाकडून त्याला महिन्याला सरासरी चार हजारांच्या आत मिळाले. फेटलिंगमध्ये तोच मुलगा महिन्याला दहा हजारांपर्यंत कमवत होता. म्हणजे झटपट पैशाच्या मोहाने पोरं बिघडतात हे जे भाषणांतून ऐकू येतं, त्याला निदान या प्रकरणात आधार नाही. गुन्ह्याच्या धंद्यात तळाच्या पोराला बिगाऱ्यापेक्षा कमी मिळतं. वरची रक्कम वर राहते.

मग त्याला काय मिळत होतं? एक फोन मिळाला. अठरा हजारांचा, हप्त्याने. तो सज्ञान नसल्यामुळे कर्ज आईच्या नावावर, डाउन पेमेंट दादाने भरलेलं. त्या दिवसापासून तो दादाला ‘नाही’ म्हणू शकत नव्हता. त्या फोनवर इन्स्टाग्राम. बुलेटच्या रांगेत उभं राहून काढलेली रील, मागे डायलॉग, खाली तीनशे-साडेतीनशे लाइक. बायोमध्ये ३०२ लिहिलेलं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाचं कलम १०३ झालं, पण पोरांच्या बायोला त्याची खबर लागलेली नाही.

आणि मिळत होता मान. हा भाग आमच्या अहवालांत दोन ओळींत उरकला जातो, म्हणून जरा थांबते. नापास झाल्यापासून त्याला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. नातेवाईक त्याला बघून बहिणीचं कौतुक करायचे. फाउंड्रीत तो ‘ए पोरा’ होता. दादाच्या गाडीवर बसल्यावर चौकातला टपरीवाला त्याला “काय भावा, चहा?” असं विचारायला लागला. हे त्याने मला स्वतः सांगितलं, टपरीवाल्याच्या आवाजात. चारशेच्या हजेरीत हे बसत नव्हतं.

तालमीचं काय झालं

कोल्हापुरात अशा मुलासाठी पूर्वापार एक जागा होती. पेठापेठांत तालमी. लाल मातीचा हौद, वस्ताद, पहाटेची मेहनत, आणि चुकलं तर पाठीवर फटका. पुढे याच तालीम मंडळांच्या नावाने फुटबॉल वाढला. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांच्या मॅचला जी गर्दी होते ती महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच दिसते. बारक्याही नववीपर्यंत वसाहतीच्या मैदानावर बरा खेळायचा. डावी बाजू. बूट फाटले, नवे आले नाहीत, आणि नववीनंतर त्याने जाणं सोडलं.

तालीम ही आता दोन गोष्टींचं नाव झाली आहे. एकीकडे अजून पोरांना पळवणारे, घाम काढणारे लोक आहेत. दुसरीकडे वर्गणी, साउंड, मिरवणुकीतली ईर्षा आणि फलकावरचे फोटो. या दुसऱ्या बाजूला पैसा लागतो, आणि तो दादासारख्यांकडून येतो. तलवारीने केक कापायचा कार्यक्रम कुणा प्रशिक्षकाच्या वाढदिवसाला होत नाही. मंडळांवरच बंदी घाला म्हणणारे लोक मला पटत नाहीत. मैदानात संध्याकाळी दीडशे पोरं गुंतवून ठेवणारी दुसरी यंत्रणा महापालिकेकडेही नाही. पण वर्गणीदाराच्या यादीत कोण आहे हे पाहायची तयारी मंडळांनी दाखवलेली नाही, हेही खरं.

घटना

जखमी झालेला तरुण बावीस वर्षांचा. फिर्यादीत कारण आलं ते रागाने बघितल्याचं. खरं कारण वीस हजारांचं होतं. त्याने दादाकडून आठवड्याला दहा टक्क्यांनी पैसे उचलले होते, मुद्दलापेक्षा जास्त भरून झालं होतं, आणि एक दिवस त्याने भरणं थांबवून व्हॉट्सॲप स्टेटसला दादाला उद्देशून काहीतरी ठेवलं. फिर्याद देताना त्याने हे सांगितलं नाही. विनापरवाना सावकारीला २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण ज्याच्याकडून पैसे घेतलेत तो गल्लीत आणि आपण हॉस्पिटलात, अशा वेळी कुणाच्या तोंडी कायदा येणार?

रात्री साडेदहाला दोन गाड्यांवर पाच जण गेले. दादा घरी होता. पहिला वार एकोणीस वर्षांच्या पोराने केला, आणि मग एडका बारक्याच्या हातात दिला गेला. त्याने एकच वार केला, दंडावर. का केलास, असं निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात तिथे) विचारल्यावर बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “मागं सरलो आसतो तर परत कोन संगं घेतलं आसतं?”

कायद्याच्या चौकटीत

बारक्याला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर केलं गेलं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत एक तरी महिला. संहितेच्या कलम १०९ खाली, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंद होता. सोशल मीडियावर आता हा सोळाच्या वरचा आहे, मोठ्यांसारखा खटला चालवा अशी हाकाटी सुरू झाली. ते शक्य नव्हतं. सज्ञानासारखा खटला चालवायचा विचार फक्त ‘निर्घृण’ गुन्ह्यात होतो, म्हणजे ज्यात किमान शिक्षा सात वर्षं आहे त्यात. कलम १०९ मध्ये जास्तीत जास्त शिक्षा मोठी आहे, पण किमान सात वर्षांची अट नाही. असे गुन्हे ‘गंभीर’ या गटात जातात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आलं.

जामिनाचा प्रश्न जास्त अवघड होता. कलम १२ प्रमाणे मुलाला जामीन हा नियम. सुटल्यावर तो सराईतांच्या संगतीत जाणार असेल तर अपवाद. इथे सुटका म्हणजे त्याच चौकात परत जाणं. काही आठवडे निरीक्षणगृहात ठेवल्यानंतर मंडळाने त्याला घरी न पाठवता गडहिंग्लज तालुक्यातल्या मामाच्या ताब्यात दिलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय तोच.

आता दादाबद्दल. टोळ्या बारकी पोरं पुढे करतात, कारण त्यांना लवकर सोडतात, हे पोलिसांपासून पानवाल्यापर्यंत सगळे सांगतात. मग त्यांना पुढे करणाऱ्यावर काय होतं? बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये मुलांना बेकायदा कामाला वापरणाऱ्या सज्ञान माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. न्याय संहितेचं कलम ९५ आणखी कडक: किमान तीन, जास्तीत जास्त दहा वर्षं, शिवाय तो गुन्हा स्वतः केल्यासारखी शिक्षा. सुरुवातीच्या फिर्यादीत यातलं काहीच नव्हतं, कारण दादाचं नावच नव्हतं. तपासणी अहवालासोबत डाउन पेमेंटची आणि तीनशे-तीनशेच्या रकमांची नोंद मंडळापुढे गेली, तेव्हा तपास अधिकाऱ्याने फोनमधले व्यवहार काढले. कलम ९५ त्यानंतर लागलं. तीनशे रुपये रोख दिले असते तर ते लागलं नसतं, इतकं हे सगळं नशिबावर होतं.

दरम्यान वसाहतीत सणाच्या आधी पोरांना ठाण्यात बोलावून बसवायचा प्रकार नेहमीप्रमाणे झाला. ज्यांच्यावर गुन्हाच नाही अशी काही पोरंही त्यात होती. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जातींची रोजची हजेरी याच शहरात १९१८ साली शाहू महाराजांनी हुकूम काढून बंद केली होती, आणि त्यांतल्या माणसांना नोकऱ्या दिल्या होत्या. वस्ती बघून पोरं उचलणाऱ्यांना ही आठवण कुणीतरी करून द्यायला हवी.

सध्या

मामाकडे गेल्यावर बारक्याने पुरवणी परीक्षा दिली. इंग्रजी सुटलं, गणित राहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याला सरकारी आयटीआयत वेल्डरच्या ट्रेडला प्रवेश मिळाला. हाच प्रवेश त्याला वर्षभर आधीही मिळू शकत होता. फक्त आयटीआयची खिडकी घरापासून लांब होती आणि दादा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. मंडळाने ऑक्टोबरमध्ये त्याला परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली, सोडायचा आदेश दिला, समुपदेशन आणि हजर राहण्याच्या अटींसह. नोव्हेंबरमध्ये त्याला अठरा पूर्ण झाली. कारखान्यात चारित्र्य पडताळणी मागितली तर काय, हा त्याचा पहिला प्रश्न होता. कलम २४ प्रमाणे अशा मुलाला या प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता येत नाही, हे त्याला लेखी दिलं आहे आणि तो कागद त्याने मामाच्या कपाटात ठेवला आहे.

बाकीच्या दोन अल्पवयीनांपैकी एक परत चौकात दिसतो. त्याला मामा नाही.

सज्ञान आरोपींचा खटला चालू आहे. दादा जामिनावर आहे. चौकातल्या फलकावर त्याचा फोटो यंदा मंडळाच्या अध्यक्षांच्या शेजारी होता, मागच्या वेळेपेक्षा थोडा लहान. फोन मुद्देमालात जमा आहे आणि पुरावा असल्यामुळे इतक्यात परत मिळायचा नाही. कर्ज आईच्या नावावर असल्याने त्याचा हप्ता मात्र दर महिन्याला तिच्या खात्यातून कापला जातो. अजून चार राहिलेत.